पाणी उतरल्यावर घरात पहिला पाय ठेवणाऱ्या बाबांना खुले पत्र

सखल मुंबईत, तळमजल्यांवर आणि डोंगरउतारांवर संसार सांभाळणाऱ्या सर्व बाबांना,

सप्रेम नमस्कार.

आम्ही वायरिंग करणारे, पाण्याच्या टाक्या धुणारे, दवाखान्यात औषध देणारे आणि पावसाळ्यात वस्तीतल्या मदतकेंद्रांवर उभे राहणारे लोक आहोत. हे पत्र कुर्ल्याच्या क्रांतीनगरात, चुनाभट्टीत, किंग्ज सर्कल आणि हिंदमाताच्या जुन्या इमारतींत, कलिन्यात, दहिसर-पोईसर-ओशिवरा नद्यांच्या काठावर राहणाऱ्या तुमच्यासाठी आहे. पाणी भरण्याआधी काय करावं याची पत्रकं दरवर्षी निघतात. पाणी उतरल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. आई मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन वरच्या मजल्यावर किंवा पालिकेच्या शाळेत थांबते आणि पँट दुमडून घर बघायला निघतो तो बाप. स्विचला पहिला हात त्याचा लागतो, गटाराच्या पाण्यात सगळ्यात जास्त वेळ तोच उभा राहतो आणि औषधाच्या रांगेत मात्र तो नसतो. आमचं सांगणं एवढंच, की मुलांना जे नियम लावता ते आधी स्वतःला लावा.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. बुडून, दरडीखाली, विजेच्या धक्क्याने, बंद गाडीत गुदमरून माणसं गेली, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. पाणी गेल्यावर ऑगस्टमध्ये लेप्टोच्या, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या, तापाची साथ आली आणि तिनेही माणसं नेली, हे तेवढं लक्षात राहिलेलं नाही. हे पत्र पाणी गेल्यानंतर येणाऱ्या अशा संकटांबद्दल आहे.

घरी परतायचं कधी, इथून सुरुवात करू. मुंबईत पाणी उतरलं म्हणजे ते गेलंच असं नसतं. आपली पर्जन्यवाहिन्यांची बहुतेक तोंडं समुद्रात किंवा खाडीत उघडतात. मोठी भरती असली की समुद्राची पातळी त्या तोंडांच्या वर चढते, आणि शहरातलं पाणी बाहेर जायची वाट बंद होते. हाजीअली, लव्हग्रोव्ह, इर्ला, ब्रिटानिया अशा ठिकाणी पंप बसवलेत ते याचसाठी. 26 जुलैला दुपारची भरती 4.48 मीटरची होती आणि पाऊस नेमका तिच्यावर येऊन पडला. ओहोटीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. रात्री दहाला गुडघाभर पाणी ओसरलेलं बघून मुलांना घरी आणून झोपवलं आणि पहाटे चारला भरती असली, वर पाऊस सुरूच असला, तर ते पाणी झोपेत अंथरुणाखाली येतं. म्हणून मुलांना आणण्याआधी पुढच्या भरतीची वेळ आणि उंची बघा. ती वर्तमानपत्रात छापलेली असते, आणि पालिका दरवर्षी पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी आधीच जाहीर करते. पाऊस सुरू असताना साडेचार मीटरच्या आसपासची भरती समोर असेल, तर ती उलटून जाईपर्यंत मुलं आहेत तिथेच राहू द्या. शंका असल्यास 1916 वर विचारा. पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा हा नंबर चोवीस तास चालतो.

घराकडे निघताना दिवसाउजेडी निघा. हातात लांब काठी घ्या, आणि पाऊल टाकण्याआधी ती पुढे टेकवा. पाणी लवकर जावं म्हणून मॅनहोलचं झाकण काढणं हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे. 29 ऑगस्ट 2017 ला एल्फिन्स्टन रोड भागात एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. झाकण उघडलेलं दिसलं तर तिथे काठी रोवून वर लाल कापड बांधा आणि 1916 ला कळवा. स्वतः तर कधीच उघडू नका. रस्त्यावरचे दिव्याचे खांब, लोखंडी शटर, पत्र्याच्या टपऱ्या यांना हात लावू नका. पाण्यात उभं राहून तर नाहीच नाही.

आता वीज. यावर आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण पाणी उतरल्यानंतर घरात इथे सहज जीव जातो.

मीटर केबिनमध्ये पाणी असेल, किंवा मीटरपर्यंत चढून गेल्याची खूण भिंतीवर दिसत असेल, तर आत जाऊ नका. वीज कंपनीचा माणूस येऊन पुरवठा तोडेपर्यंत बाहेरच थांबा. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. तक्रारीचा नंबर आणि तुमचा ग्राहक क्रमांक बिलावर असतो. त्या बिलाचा फोटो आजच फोनमध्ये काढून ठेवा, कारण त्या दिवशी बिल भिजलेल्या फडताळात असतं. मीटर कोरडा असेल आणि तुम्ही कोरड्या जागी, कोरड्या चपलेत उभे असाल, तरच मेन स्विच बंद करा.

मेन बंद केला म्हणजे घरातली वीज गेली, असं समजू नका. इन्व्हर्टर असेल तर बाहेरचा पुरवठा जाताच तो आपोआप सुरू होतो आणि घरातल्या तारांत 230 व्होल्ट सोडतो. गल्ली अंधारात असते, म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि ओल्या भिंतीवरच्या बोर्डाला हात लावतो. इन्व्हर्टर आधी बटणावर बंद करायचा, मग तो आणि त्याची बॅटरी कोरडी असेल तरच बॅटरीची तार सोडवायची. शेजाऱ्याकडून घेतलेली जोडवायर असेल तर तीही त्याच्या टोकाला काढायला सांगा.

आणखी एक गैरसमज असा, की एमसीबी (जास्त भार आल्यावर वीज तोडणारा स्विच) आहे म्हणजे धक्का बसणार नाही. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाच्या वर भार गेल्यावर पडतो, आणि माणसाचं हृदय बंद पाडायला त्याच्या हजारातला काही भाग पुरतो. माणसाला वाचवायला आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच लागतो, 30 मिलिअँपिअरचा. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. ते दाबल्यावर तो लगेच पडून वीज बंद झाली पाहिजे. नसेल पडत तर तो शोभेचा आहे, बदलून घ्या. घरात दुरुस्तीला एकच खर्च जमणार असेल तर टीव्ही-फ्रिजच्या आधी हा करा.

भिजलेला स्विचबोर्ड बाहेरून पुसला की कोरडा दिसतो. दोन स्क्रू ढिले करून पट्टी पुढे ओढली, की भिंतीतल्या पाइपातून गढूळ पाण्याची धार लागते, पितळी टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं दिसतात, आणि तारेच्या वेष्टणात चिखल बसलेला असतो. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात गटाराचे क्षार असतात. ते सुकले तरी पुट राहतं, आणि हवा दमट झाली की त्याच पुटातून वीज भिंतीत झिरपते. ‘चार दिवस पंखा लावून सुकवलं’ याला जुलैतल्या मुंबईत काही अर्थ नाही. वायरमनला मेगर, म्हणजे तारेच्या वेष्टणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र, घेऊन बोलवा. 500 व्होल्टच्या मेगरवर प्रत्येक सर्किट निदान एक मेगाओहम दाखवेपर्यंत ते सुरू करायचं नाही. जो वायरमन नुसता टेस्टर लावून ‘चालेल’ म्हणतो, त्याचं ऐकू नका. भिजलेले स्विच, सॉकेट आणि होल्डर धुऊन वापरायचे नाहीत, नवे घालायचे. फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप यांनाही हाच नियम: उघडून, धुऊन, सुकवून, मेगर लावल्यावरच प्लग. ‘एकदा लावून तर बघू’ या एका प्रयोगात मोटर जळते, आणि ओल्या लादीवर उभा असलेला माणूसही सापडतो.

गॅसचं थोडक्यात. घरात शिरल्यावर दिवा, काडी, बॅटरीचं बटण यांच्या आधी नाक वापरा. बॅटरी बाहेरूनच पेटवून आत या. घरगुती भरलेल्या सिलिंडरचं वजन तीस किलोच्या आसपास असतं, आणि तो त्याहून जास्त पाणी बाजूला सारतो, म्हणून भरलेला सिलिंडरही तरंगतो. तरंगताना नळी ताणली जाते आणि रेग्युलेटर तिरका होतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो लादीवर, पलंगाखाली, मोरीच्या खळग्यात साठतो. पाइपचा गॅस हलका, तो पोटमाळ्यावर आणि छताशी साठतो. त्यामुळे सिलिंडर असेल तर दार उघडून खालून हवा जाऊ द्या, पाइपगॅस असेल तर वरच्या झडपा आणि खिडक्या उघडा. वास येत असेल तर बाहेर पडून सिलिंडरसाठी 1906 ला फोन करा. पाण्यात बुडालेली रबरी नळी आणि रेग्युलेटर पुन्हा लावू नका. आणि ओलं घर सुकवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, लहान मूल त्यात झोपेतच जातं.

पिण्याचं पाणी. नळाला पाणी आलं म्हणून ते शुद्ध आलं असं नाही. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येतं. उरलेला वेळ पाइपात दाब नसतो, आणि पाइप पुराच्या पाण्यात बुडालेला असेल तर फटींतून बाहेरची घाण आत ओढली जाते. पहिली काही मिनिटं येणारं पाणी मोरी धुवायला सोडा, मग भरा. तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटीनंतर गाळून उकळा, आणि खळखळ उकळी आल्यावर आणखी एक मिनिट ठेवा. गॅस नसेल तर क्लोरीनची गोळी, पाकिटावर लिहिलेल्या मापाने, आणि अर्धा तास थांबून मग प्यायला द्या. ती गढूळ पाण्यात टाकली तर क्लोरीन गढूळपणावरच खर्च होतो, हे विसरू नका.

सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी झाकणाच्या कडेने किंवा ओव्हरफ्लोच्या पाइपातून शिरतं. वरून पाणी स्वच्छ दिसलं तरी पंप सुरू करू नका, नाहीतर एका टाकीची घाण गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून प्रत्येक घरात जाईल. टाकी पूर्ण उपसा, गाळ काढा, भिंती घासा, मग स्वच्छ पाणी भरून दर हजार लिटरला सुमारे 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घाला. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत तिची पेज करा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत घाला. रात्रभर ठेवून सगळं सोडून द्या आणि पुन्हा भरा. हे धुण्याचं प्रमाण आहे, पिण्याचं नाही. पिण्याच्या पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. अनेक महिने उघड्या पोत्यात पडलेल्या पावडरमधला क्लोरीन उडून गेलेला असतो, तिचा उग्र वास येत नसेल तर ती फेका. टाकीत एकट्याने कधी उतरू नका. बंद टाकीत प्राणवायू कमी पडतो, आणि आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरला की दोघेही जातात. दोन्ही झाकणं उघडी, आत पंख्याची हवा, कमरेला दोरी, वर दोन माणसं, एवढं जमत नसेल तर काम पालिकेच्या किंवा टाकी धुणाऱ्या माणसांवर सोपवा.

लादी आणि भिंती धुतानाही एक चूक वारंवार होते. ब्लीचिंग पावडर टाकली, तरी डाग जात नाही म्हणून वरून संडासाचं ॲसिड ओतलं. या दोघांतून क्लोरीन वायू सुटतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत तो छाती जाळतो. एक काहीतरी वापरा.

खाण्यातलं जे पुराच्या पाण्याला लागलं ते फेका. गव्हाचं पोतं टाकवत नाही, हे आम्हाला कळतं. पण त्यात मिसळलेलं गटार उन्हात वाळवून जात नाही. कापसाची भिजलेली गादीही तशीच. आईचं दूध पिणाऱ्या बाळाचं दूध चालूच ठेवा, या दिवसांत त्याहून सुरक्षित दुसरं काही नाही. कुणाला जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात घालण्याची सवय मोडा, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. लघवी झाली नाही, डोळे खोल गेले किंवा मूल गळून पडलं तर घरी थांबू नका.

उतारावर राहणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे. तिथे पाऊस थांबल्यानंतरही माती पाण्याने जड झालेली असते. 2 जुलै 2019 ला मालाडच्या पिंपरीपाड्यात आणि 18 जुलै 2021 ला चेंबूरच्या भारतनगरात भिंती पडल्या, दोन्ही मध्यरात्रीनंतर, माणसं झोपेत असताना. घरामागच्या संरक्षक भिंतीची पाणी झिरपायची भोकं दिवसातून दोनदा बघा. त्यांतून स्वच्छ पाणी येत असेल तर भिंत श्वास घेतेय. ते गढूळ झालं, किंवा जोरदार पावसात अचानक थांबलं, तर मागे पाणी तुंबून भिंतीवर रेटा वाढतोय. भिंतीचं पोट पुढे आलं, जमिनीत नवी भेग गेली, विजेचा खांब किंवा झाड कलंडलं, काल लागणारं दार आज अडकायला लागलं, यातलं एक जरी दिसलं तरी सामान न घेता त्याच घटकेला सगळ्यांना घेऊन निघा. दिवसा निघता येत असेल तर रात्रीची वाट बघू नका.

नुकसानीच्या पंचनाम्यासाठी, घर धुण्याआधी फोटो काढा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला टेप लावून एक, आणि प्रत्येक खोलीचा दारातून एक. बुडालेली गाडी किल्ली फिरवून बघू नका. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर आतला दांडा वाकतो, आणि त्या नुकसानीला साधा विमा बहुधा हात वर करतो. भिजलेली कागदपत्रं ओढून सुटी करू नका, सावलीत वर्तमानपत्रावर ठेवा.

शेवटचं, तुमच्या पायांबद्दल. लेप्टोचे जंतू उंदराच्या, कुत्र्याच्या, गुरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतात आणि त्वचेतल्या बारीक फटीतून शरीरात शिरतात. ‘मला जखम नाही’ असं सगळे बाबा म्हणतात. बोटं फाकवून बघा. पावसाळाभर ओल्या बुटांत राहून करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी, फुगलेली, सोललेली असते. त्या चिखल्या म्हणजेच जखम. टाचेच्या भेगाही तशाच. घर आवरायला गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि रबरी हातमोजे घाला, काम झाल्यावर साबणाने पाय धुऊन बेचकी कोरडी पुसा. पत्रा किंवा खिळा लागला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

आणि औषध. पाण्यातून चालल्यावर चोवीस ते बहात्तर तासांच्या आत पालिकेच्या जवळच्या दवाखान्यात किंवा ‘आपला दवाखाना’ केंद्रात जा. जखम नसलेल्या, एकदाच पाण्यातून गेलेल्या मोठ्या माणसाला साधारणपणे डॉक्सिसायक्लिन 200 मिलिग्रॅमचा एकच डोस देतात. जखम असेल, किंवा पुन्हा पुन्हा पाण्यात उतरावं लागत असेल, तर डोस वाढतात, ते डॉक्टर ठरवतील. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला हे औषध देत नाहीत, त्यांना वेगळं देतात, म्हणून तुमच्या वाटची गोळी मोडून मुलाला देऊ नका. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जळजळते. दूध किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली तर तिचा जोर कमी होतो. दवाखान्यात मुलांना घेऊन गेलात तर केसपेपर स्वतःच्या नावाचाही काढा. घरात सगळ्यात जास्त वेळ पाण्यात तुम्ही होतात.

पाण्यातून चाललेली तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल करा. ताप बहुधा पाचव्या ते चौदाव्या दिवसात येतो, पण महिन्यापर्यंतही येऊ शकतो, म्हणून तीस घरं मोजून दुसरा गोल करा. या दोन गोलांच्या मधे ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दाबल्यावर होणाऱ्या वेदना किंवा लालबुंद डोळे, यांतलं काहीही दिसलं तर क्रोसिन घेऊन कामावर जाऊ नका. लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले किंवा धाप लागली तर दवाखाना नको, थेट मोठं रुग्णालय गाठा, 108 ला फोन करा. आणि डॉक्टरांनी नाडी धरताच, त्यांनी विचारण्याची वाट न बघता, पहिलं वाक्य हे सांगा: अमुक तारखेला मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो.

आपले,
मुंबईतले वायरमन, टाकी कामगार, दवाखान्यातले कर्मचारी आणि मदतकेंद्रांवरचे स्वयंसेवक